हॉल आणि नेट एकाच वेळी: आमच्या वाचनालयाच्या चित्रलिलावाचा अनुभव

गिरगावातल्या आमच्या वाचनालयाच्या छताची दुरुस्ती निघाली होती आणि देणग्या मागून मागून सगळे दमले होते, तेव्हा चित्रांचा लिलाव करायचं ठरलं. जे.जे.त शिकलेले बरेच चित्रकार आमचे जुने सभासद आहेत, त्यातले काही अजूनही दिवाळी अंक न्यायला स्वतः येतात, त्यांनी आणि त्यांच्या ओळखीच्यांनी मिळून चाळीसेक चित्रं दिली, तीही एक पैसा न घेता. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते म्हणून ऑनलाइनची सगळी बाजू माझ्याकडे आली. नंतर दोन-तीन संस्थांच्या लोकांनी विचारलं की कसं केलं, काय बघून घेतलं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. कुठलं सॉफ्टवेअर घेतलं ते मुद्दाम सांगत नाहीये कारण माझ्या मते नावापेक्षा काय तपासायचं तेच जास्त महत्त्वाचं आहे.

नुसता हॉलमध्ये लिलाव का नाही, तर आमचे निम्मे सभासद आता गिरगावात राहतच नाहीत, कोणी डोंबिवली, कोणी विरार, कोणी पुण्याला मुलाकडे. आणि नुसता ऑनलाइन का नाही, तर अप्पा म्हणजे आमचे अध्यक्ष म्हणाले, "अगं, चित्रासमोर उभं राहिल्याशिवाय कोण पैसे काढणार?" त्यांचंही बरोबर होतं. म्हणजे दोन्ही हवं, हॉलमध्ये लोक बसलेत आणि त्याच क्षणी घरून पण लोक बोली लावतायत.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी जी मलाही सुरुवातीला कोणी नीट सांगितली नाही. ऑनलाइन लिलाव म्हटलं की दोन अगदी वेगळे प्रकार असतात. एक टाइम्ड, म्हणजे ठरलेल्या दिवशी सुरू होतो, ठरलेल्या वेळी बंद होतो, मधे कोणी पुकारणारा नसतो, १९९५ साली सुरू झालेल्या ईबे या वेबसाइटने जगभर पोचवला तो हाच प्रकार आणि आपल्या मुंबईत २००० साली सॅफ्रनआर्ट या लिलावसंस्थेने भारतीय चित्रांसाठी ऑनलाइन लिलाव सुरू केले तेही याच धर्तीवर. दुसरा लाइव्ह, म्हणजे पुकारणारा माणूस समोर आहे, हातोडा आहे आणि नेटवरचे लोक व्हिडिओ बघत बटण दाबतात. आपल्या डोक्यात लिलाव म्हटलं की आयपीएल येतं, २००८ चा पहिला खेळाडूंचा लिलाव मुंबईतच झाला होता, पण तिथे बोली लावणारे सगळे एकाच खोलीत असतात, सगळ्यांना सगळं एकाच वेळी दिसतं. हॉल अधिक नेट यात तेच होत नाही, आणि खरी मेहनत सगळी तिथेच आहे.

कंपन्यांच्या डेमोत प्रत्येक जण आधी कॅटलॉग दाखवायचा. सुंदर दिसतो, चित्र मोठं होतं, झूम होतो, मोबाइलवर छान. मी सगळ्यांना एकच सांगायला लागले की कॅटलॉग नंतर, आधी क्लार्कची स्क्रीन दाखवा. क्लार्क म्हणजे पुकारणाऱ्याच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसणारा माणूस. हॉलमधून कोणी हात वर केला की तो "फ्लोअर" चं बटण दाबतो म्हणजे नेटवाल्यांना नवीन भाव दिसतो, नेटवरून बोली आली की ती पुकारणाऱ्याला सांगतो, मग शेवटची संधी, विकलं, पास म्हणजे न विकता पुढे, आणि चुकलं तर मागे घ्या. एवढी पाच-सहा बटणं. काही ठिकाणी "विकलं" आणि "पुढची बोली" ही दोन बटणं एकमेकांना चिकटून होती, एका ठिकाणी मागे घ्यायची सोयच नव्हती, आणि एकीकडे क्लार्कला नेटवरच्या बोलीवर दर वेळी "मान्य" म्हणावं लागत होतं, म्हणजे तेवढ्यात हॉलमध्ये दोन हात वर. लिलाव बिघडतो तो या स्क्रीनवर बिघडतो, कॅटलॉगमुळे कोणाचा लिलाव बिघडलाय असं मला वाटत नाही.

दुसरा प्रश्न मी विचारायचे तो मॅक्स बिडचा. बोली लावणारा आधीच सांगून ठेवतो की मी या चित्राला २०,००० पर्यंत जाईन आणि सिस्टीम त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत जाते. समजा बेस प्राइस म्हणजे बोली जिथून सुरू होते ती किंमत ८,००० आहे, एकाने मॅक्स २०,००० ठेवलाय, दुसऱ्याने १५,०००, आणि त्या टप्प्यावर वाढ हजाराची आहे, तर भाव १६,००० वर थांबतो आणि चित्र पहिल्याचं, त्याला २०,००० द्यावे लागत नाहीत. दोघांचा आकडा सारखा असेल तर ज्याने आधी ठेवला त्याचं. हे गणित सगळ्यांचं ठीक असतं. प्रश्न असा की हे २०,००० अ‍ॅडमिनमध्ये कोणाकोणाला दिसतात? कारण पुकारणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला हा आकडा माहीत असेल तर तो हळूहळू तिथपर्यंत ओढत नेऊ शकतो, आणि घरी बसलेल्या माणसाला कधी कळणार पण नाही. एका डेमोत सेल्सवाला मोठ्या अभिमानाने म्हणाला मॅडम तुम्हाला सगळ्यांचे मॅक्स दिसतील, मी तिथेच तो डेमो मनातून बाद केला. आम्ही घेतलं त्यात हा आकडा झाकता येत होता आणि लिलाव संपल्यावरच उघडत होता.

याला जोडूनच कमिटीत एक वाद झाला. अप्पा म्हणाले की सुरुवातीला लोक लाजतात, आपल्यातल्याच दोघांनी दोन-चार बोल्या लावून रंग भरूया. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, सभेत पहिली टाळी कोणीतरी वाजवावी लागते तसंच त्यांना वाटत होतं. पण १९३० चा मालविक्रीचा कायदा आहे ना, त्याच्या ६४ व्या कलमात लिलावाचंच सगळं आहे, त्यात स्पष्ट आहे की विकणाऱ्याने बोली लावायचा हक्क आधी उघडपणे राखून ठेवला नसेल तर त्याने किंवा त्याच्या वतीने कोणी बोली लावायची नाही, आणि भाव चढवायला खोटी बोली लावली तर घेणारा व्यवहार मोडू शकतो. मी ते कलम छापून मीटिंगला नेलं. शिवाय हे पैसे छताचे आहेत, उद्या कोणी म्हणालं की कमिटीने भाव फुगवले तर शंभर वर्षांच्या संस्थेचं नाव जाईल. अप्पांनी लगेच मानलं. कमिटीतल्या कोणाचंही रजिस्ट्रेशन घ्यायचं नाही असा ठराव झाला. आणि सॉफ्टवेअरमध्ये एक सेटिंग असतं, राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली चित्र द्यायचं नाही ती, येईपर्यंत सिस्टीम संस्थेच्या वतीने आपोआप बोल्या टाकते, ते सुरूच होतं, तेही बंद करून घेतलं. तुम्ही कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, हे एक सेटिंग शोधाच.

कॅटलॉग भरताना वेगळ्याच गोष्टी निघाल्या. सगळी माहिती एक्सेलमध्ये भरून सीएसव्ही म्हणजे साध्या मजकुराची फाइल करून चढवायची असते: लॉट नंबर (लॉट म्हणजे लिलावात लावलेली एकेक वस्तू), चित्रकार, माध्यम, आकार, साल, अंदाजे किंमत, बेस प्राइस. मराठी मजकूर साध्या सीएसव्हीत सेव्ह झाला की सगळी प्रश्नचिन्हं होतात, त्यासाठी एक्सेलमध्ये सीएसव्ही यूटीएफ-८ असा वेगळा पर्याय आहे तोच घ्यायचा. ते सुटलं. पण आकड्यांमधला स्वल्पविराम मात्र कंपनीच्या मागे लागून सोडवावा लागला. सॉफ्टवेअर परदेशी पद्धतीने १००,००० दाखवायचं आणि आपल्या लोकांची नजर १,००,००० ला सरावलेली. पंचाहत्तरीच्या माणसाने मोबाइलवर घाईत ते दहा हजार वाचलं तर? हे छोटं वाटतं पण इथे एका चुकीच्या बटणाची किंमत खऱ्या पैशात आहे. शेवटी त्यांनी भारतीय पद्धत लावून दिली, आणि बोली लावायच्या आधी "नक्की का?" अशी आणखी एक पायरी टाकली.

चित्रांमध्ये एक जुनी ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापील प्रत, पण आली होती, लक्ष्मीची, रविवर्मा प्रेसची असावी. तो छापखाना १८९४ साली गिरगावातच सुरू झाला होता, नंतर मळवलीला गेला, त्यामुळे सगळ्यांना फार वाटत होतं की ही आपल्या लिलावात असावीच. पण १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तिच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो. आम्ही ती सरळ मागे घेतली. सॉफ्टवेअरमध्ये लॉट डिलीट न करता "मागे घेतला" असं दाखवता येतं, नंबर तसाच राहतो, हे मला फार आवडलं, कारण छापील यादी आणि स्क्रीन जुळायलाच हवी. चित्र आता वाचनालयाच्या भिंतीवर आहे.

पुकारायला कोण हा प्रश्न आमच्या ग्रंथपाल ताईंनी सोडवला. त्यांच्या ओळखीच्या एक मावशी ससून डॉकवर वर्षानुवर्षं मासळीचा लिलाव करतात. पहाटे बोटी लागल्या की तिथे लिलाव सुरू होतो, टोपलीमागे मोजून काही सेकंद मिळतात, आणि मावशींचा आवाज माईकशिवाय हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत. कमिटीत एक-दोघांनी नाकं मुरडली की चित्रांच्या लिलावाला डॉकवरची बाई कशी. मला ते अजिबात पटलं नाही. लिलाव पुकारणं ही विद्या आहे आणि ती त्यांना येते, आम्हाला कोणालाच येत नव्हती. चित्रांबद्दल सांगायला चित्रकार समोर बसलेलेच होते.

रंगीत तालीम केली, बिस्किटाचे पुडे आणि जुने कॅलेंडर लॉट म्हणून लावले, अर्धे लोक हॉलमध्ये, अर्धे आपापल्या घरून. आणि तिथे खरी गोष्ट समोर आली. मावशींनी एक वार, दोन वार, तीन वार म्हणून हातोडा मारला आणि त्यानंतर विरारहून बोली आली. तो सभासद फोनवर म्हणाला, मला तर अजून एक वारच ऐकू येतंय! त्याचं खोटं नव्हतं. साधा लाइव्ह व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांनी पाठवला जातो आणि बघणाऱ्याचं नेट अडखळू नये म्हणून थोडा साठवून दाखवतात, त्यामुळे तो १० ते ३० सेकंद मागे असू शकतो. बोलीचं बटण मात्र वेगळ्या वाटेने जातं, ते जवळजवळ त्याच क्षणी पोचतं. म्हणजे घरच्या माणसाच्या स्क्रीनवर आकडा आत्ताचा आणि आवाज मघाचा. व्हिडिओ कॉलसाठी वापरतात ती वेबआरटीसी पद्धत घेतली तर हा फरक सेकंदाच्या आसपास येतो, पण त्याचे पैसे जास्त. मी कमिटीला म्हटलं बाकी कुठेही वाचवा, छापील कार्ड नको, फुलं नको, चहासोबत बटाटेवडा नको, पण हे घ्या. घेतलं.

तरीही एक-दोन सेकंद उरतातच, आणि एखाद्याचं नेट मंद असेल तर जास्त. त्यावर उपाय मावशींनीच काढला. त्या म्हणाल्या, "ताई, धक्क्यावर मी डोळे बघते. ज्याला अजून पायजे त्याचे डोळे मला कळतात. ह्या नेटवरच्या नंबरला डोळेच नाय. मग मला तुम्हीच सांगा तो काय करतोय." म्हणून असं ठरलं की दोन वारनंतर त्या थांबणार आणि मोठ्याने विचारणार, "नेट?" ग्रंथपाल ताई क्लार्कच्या खुर्चीवर, त्या "शेवटची संधी" दाबणार, घरच्यांच्या स्क्रीनवर पिवळी पट्टी येणार, ताई मनात पाच मोजणार आणि मग "नेट शांत" म्हणणार, त्याशिवाय तीन वार नाही. वर उल्लेख केला त्या कलमाप्रमाणे हातोडा पडला की विक्री पूर्ण होते आणि तोपर्यंत बोली मागे घेता येते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सगळं त्या एका क्षणावर आहे, मग त्या क्षणाआधी प्रत्येकाला ऐकू गेलं पाहिजे एवढं तरी बघायला हवंच ना. हॉल आणि नेट एकाच आकड्यावर एकत्र आले तर मान हॉलला, हातोडा पडल्यावर आलेली बोली धरली जाणार नाही, हे दोन नियम रजिस्ट्रेशनच्या पानावर मराठीत, मोठ्या अक्षरात टाकले आणि लिलाव सुरू व्हायच्या आधी मावशींनी वाचूनही दाखवले.

रजिस्ट्रेशनचं थोडक्यात सांगते. मोबाइल ओटीपी, पत्ता, आणि थोडं परत मिळणारं डिपॉझिट यूपीआयने. डिपॉझिट घेतल्यावर नुसतं गंमत म्हणून नाव नोंदवणारे गळाले. परदेशातून पैसे आले तर संस्थेला कागदपत्रांची वेगळीच भानगड होते असं सीए म्हणाले म्हणून पैसे फक्त भारतातल्या खात्यातून. आणि चित्र विकत घेणं म्हणजे देणगी नाही, त्यामुळे आयकरात सवलत देणारी ८०जी ची पावती मिळणार नाही हे पण आधीच लिहिलं, कारण हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो.

प्रत्यक्ष दिवशी हॉल भरला. नेट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं, एक ब्रॉडबँड आणि एक मोबाइलचं डोंगल, लॅपटॉपला यूपीएस. पहिले काही लॉट हॉलमध्येच गेले, नेटवाले नुसते बघत होते, माझ्या पोटात गोळा. मग वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावाचं एक जलरंगातलं चित्र आलं. हॉलमध्ये दोघांची चढाओढ, एकजण थांबला, मावशी एक वार, दोन वार, "नेट?" आणि ताईंनी हात वर केला. डोंबिवलीहून बोली होती. हॉलमधल्या गृहस्थांनी मागे वळून स्क्रीनकडे बघितलं, परत वाढवली, नेटने परत वाढवली, असं बराच वेळ चाललं आणि चित्र डोंबिवलीला गेलं. त्यानंतर नेट जे जागं झालं ते शेवटपर्यंत. नंतर कळलं की घेणाऱ्या बाई लहानपणी वाळकेश्वरला राहायच्या, सांधेदुखीमुळे त्यांना लोकलने येणं शक्यच नव्हतं. त्यांच्यासाठी तर हा सगळा खटाटोप होता!

मावशींचा वेग पण बघण्यासारखा होता. सुरुवातीला त्या ताईंसाठी मुद्दाम हळू होत्या, मग दोघींची लय जमली, ताईंची नजर स्क्रीनवर आणि मावशींची हॉलवर, मधे एक शब्द जास्तीचा नाही. एका लॉटला ताईंकडून फ्लोअरचं बटण दोनदा दाबलं गेलं, भाव एक पायरी वर दिसला, ताई लगेच "थांबा" म्हणाल्या, मागे घेतलं, मावशींनी हॉलला आणि माईकवरून नेटला सांगितलं की भाव अमुक आहे, आणि पुढे. मागे घ्यायच्या बटणासाठी मी का भांडत होते ते त्या दिवशी कमिटीला दिसलं.

एक तक्रार आलीच. एका शिल्पाच्या रेखाटनाला पुण्याहून बोली हातोड्यानंतर आली आणि ते गृहस्थ फोनवर चिडले. सिस्टीम प्रत्येक गोष्टीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदवते, शेवटची संधी कधी दाबली, विकलं कधी दाबलं, त्यांची बोली सर्व्हरवर कधी पोचली. मी तेवढा भाग त्यांना पाठवला, बाकीच्यांचे नंबर झाकून. पिवळी पट्टी आल्यावर पाच सेकंदांहून जास्त वेळ होता हे त्यांनी स्वतः बघितलं आणि शांतपणे ठीक आहे म्हणाले. अशी नोंद नसती तर माझा शब्द विरुद्ध त्यांचा शब्द झाला असता आणि त्यातून कोणाचंच समाधान झालं नसतं.

नंतरचं काम कंटाळवाणं पण तेवढंच महत्त्वाचं. बिलं सिस्टीमने त्याच रात्री पाठवली. यूपीआयला साधारण एका वेळी एक लाखाची मर्यादा असते त्यामुळे मोठ्या रकमा एनईएफटीने. पैसे आल्याशिवाय चित्र हलवायचं नाही हा नियम कोणासाठीही मोडला नाही, अप्पांच्या व्याह्यांसाठी पण नाही. जे चार-पाच लॉट गेले नव्हते ते पुढच्या आठवड्यात टाइम्ड पद्धतीने लावले, त्यात शेवटच्या तीन मिनिटांत बोली आली की वेळ आणखी तीन मिनिटं वाढते असं ठेवलं, नाहीतर लोक शेवटच्या सेकंदाची वाट बघत बसतात आणि ज्याचं नेट जलद तो जिंकतो. त्यातलं एक चित्र रात्री उशिरापर्यंत पुढे पुढे सरकत राहिलं आणि बेस प्राइसच्या दुपटीला गेलं, हॉलमध्ये त्याला एक हात वर झाला नव्हता.

एका गोष्टीची मात्र खंत आहे. बोली लावणाऱ्याची स्क्रीन पूर्ण इंग्रजीत होती. आम्ही चित्रं काढून, बाण दाखवून मराठीत एक पान बनवलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, दोन मुलं फोनवर बसवली होती ज्येष्ठांना मदत करायला, तरी काही जणांनी नातवाला शेजारी बसवूनच बोली लावली. बटणांवर पाच-सात शब्द तर असतात, ते मराठीत करणं काही अवघड काम नाही, पण मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्याकडे ते नव्हतं. मराठी बटणं, आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम आणि झाकलेला मॅक्स, हे तिन्ही असलेलं काही कोणी बनवलं असेल तर मला जरूर कळवा, आमचा पुढचा लिलाव दिवाळीनंतर आहे आणि मावशींनी आत्ताच होकार दिलाय.